यवतमाळ सोडण्याआधी

चि. भाचीस,

संख्याशास्त्रात बी.एस्सी. झाली, आता यवतमाळात काय ठेवलंय, असं तू फोनवर म्हणालीस. पुण्याला जायचं तर अवश्य जा. पण त्याआधी वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या पीएसएम म्हणजे प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र विभागात एक चक्कर मार. आरोग्य संशोधनात डॉक्टरांइतकीच माहिती गोळा करणाऱ्यांची, ती तपासणाऱ्यांची गरज असते. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसारख्या संस्थेकडून प्रकल्प मंजूर झाला की डेटा एंट्री ऑपरेटर, फील्ड इन्व्हेस्टिगेटर, प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट अशी पदं निघतात. पेपरात मोठी जाहिरात क्वचितच येते. कॉलेजच्या वेबसाइटवर किंवा सूचना फलकावर एक कागद लागतो आणि चार-आठ दिवसांत थेट मुलाखत. म्हणून विभागात तोंडओळख हवी. सेवाग्रामचं आणि सावंगी मेघेचं मेडिकल कॉलेज ही दोन्ही ठिकाणं माझ्या घरापासून जवळच आहेत. मुक्कामाला ये, तिथेही जाऊ.

नोकरी कंत्राटी असते हे समजून घे. प्रकल्प संपला की पद संपतं. निधी किती महिन्यांचा, गावोगाव फिरण्याचा प्रवासभत्ता वेगळा की पगारातच, अनुभवाचा दाखला मिळेल का, हे मुलाखतीतच विचार. संकोच करू नकोस. पदासाठी कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिर.

आता कामाचं. 2017 साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, ते तुला आठवत असेल. अशा घटनेचा अभ्यास करायचा तर फॉर्मवर विचारावं लागतं : कोणतं औषध, कशात मिसळलं, किती तास फवारलं, तोंडाला फडकं होतं का? शेतमजूर म्हणतो, डबा मालकाकडं होता, नाव नाही सांगता येत. तिथे ‘माहीत नाही’चा ठरलेला कोड टाकायचा. रकाना कोरा सोडला तर विचारलंच नाही असा अर्थ होतो. ‘नाही’ लिहिलं तर उत्तरच खोटं ठरतं. या तिन्हींची सरमिसळ झाली की पुढे संगणकावर कितीही हुशारी केली तरी निष्कर्ष चुकतो, आणि त्याची किंमत पुढच्या हंगामात फवारणाराच मोजतो. पोरी, म्हणून मला हे काम मोलाचं वाटतं.

एक्सेल तुला येतंच. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते शिकून घे. आयसीएमआरच्या चेन्नईच्या साथरोग संस्थेचा आरोग्य संशोधनाचा प्राथमिक कोर्स एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर असतो. त्याला शिकण्याची फी नाही, फक्त परीक्षेची आहे.

आणि झरी-जामणीच्या आश्रमशाळेच्या आवारात लहानाची मोठी झालीस, कोलामी बोलतेस, हे बायोडाटात का नाही लिहिलंस? कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, दारात उभं राहून प्रश्न विचारू शकणारी संख्याशास्त्राची पदवीधर कोणत्याही विभागाला सहजी मिळत नाही. भाषांच्या रकान्यात इंग्रजीच्याही वर कोलामी लिही, दुचाकीचं लायसन्स आहे तेही टाक, आणि बायोडाटा एका पानात बसवून रविवारपर्यंत मला पाठव.

तुझी,
मावशी