तराजू कोणाच्या हातात?

भाजी घेताना आपण घासाघीस करतो, तेव्हा आपल्या मनात नेमके काय चाललेले असते, हे कधी थांबून पाहिले आहे का? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु धर्म केवळ देवघरापुरता नसतो. हातात पिशवी घेऊन आपण घराबाहेर पडतो, तेव्हाही तो आपल्याबरोबर असावा लागतो.

आमच्या परिचयातील एक गृहस्थ मस्कतमध्ये ३० वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आणि पुण्याला परतले. एका रविवारी संध्याकाळी ते घराजवळच्या शेतकरी आठवडे बाजारात गेले. पुरंदर तालुक्यातून आलेल्या एका बाईंपुढे मेथीच्या शेवटच्या काही जुड्या उरल्या होत्या. भाव होता २० रुपये जुडी. "पंधराला द्या, मावशी," ते सवयीने म्हणाले. बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "न्या काका. आता ही माघारी कुठं नेऊ?"

घरी मेथी निवडताना ते शब्द त्यांना टोचू लागले. मस्कतच्या वातानुकूलित दुकानात छापील किमतीपुढे त्यांनी कधी तोंड उघडले नव्हते. यंत्राने दाखवलेला आकडा ३० वर्षे मुकाट्याने भरला होता. मग जिने पहाटे उठून भाजी काढली, तिच्यासमोरच पाच रुपये का आठवले?

पुढच्या रविवारी त्यांनी एक जुडी घेतली, १०० रुपयांची नोट दिली आणि म्हणाले, "वरचे राहू द्या." बाईंनी ८० रुपये मोजून परत केले. "भाजीचे तेवढे द्या काका. वरचे कशापायी?"

ते आम्हाला म्हणाले, "कमी दिले तेव्हा टोचले. जास्त दिले, तर तिने परत केले, तेही टोचले. मग बरोबर काय?"

वाचकहो, तुम्ही त्यांना काय उत्तर दिले असते?

शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकावे, हा विचार आपल्या देशात अनेक ठिकाणी रुजला आहे. चंदीगडमध्ये १९८७ साली 'अपनी मंडी' सुरू झाली. १९९९ साली आंध्र प्रदेशात 'रयतु बाजार' आणि तामिळनाडूत 'उळवर संदै' उभे राहिले. महाराष्ट्रात २०१६ साली फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाल्यावर आठवडे बाजारांना गती मिळाली. त्या अभियानाला संत सावता माळी यांचे नाव दिले गेले. मळ्यातल्या कामातच ज्यांनी विठ्ठल पाहिला, त्या संतांचे नाव बाजाराला असावे, हे किती योग्य! शेतकरी आणि ग्राहक यांच्यामधला मध्यस्थ दूर करणे, हा या सर्व बाजारांचा हेतू. मात्र यातून आपल्यावर एक जबाबदारी येते. पूर्वी शेतकऱ्याला कमी मिळाले, तर दोष आडत्याला देता येत असे. आता मधे कोणीच नाही. मी कमी केलेले पाच रुपये थेट तिच्या घरातून कमी होतात.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे बांधले. पिल्ले उडून जाईपर्यंत तो हलला नाही. या तपाचा त्याला अभिमान झाला, तेव्हा त्याला कळले की वाराणसीचा तुलाधार नावाचा व्यापारी धर्मात त्याच्याहून श्रेष्ठ आहे. जाजली त्याच्याकडे गेला. तुलाधाराने आपल्या धर्माचे जे वर्णन केले, त्यात त्याचा तराजूही होता. तो सर्व प्राण्यांसाठी समान होता.

आता आपल्या गृहस्थांकडे पाहू. पहिल्या रविवारी तराजू झुकला तो बाईंच्या अडचणीने. कोमेजणारी भाजी परत नेता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पतंजलींनी सांगितलेल्या यमांपैकी तिसरा यम अस्तेय. दुसऱ्याच्या नाइलाजावर रेलून घेतलेली सूट चोरी नसेल, पण अस्तेयात ती बसत नाही. दुसऱ्या रविवारी तराजू झुकला तो त्यांच्या स्वतःच्या अपराधी भावनेने. त्यांना दान करायचे नव्हते, मनावरचे ओझे उतरवायचे होते. गीतेच्या सतराव्या अध्यायात आदर न राखता दिलेल्या दानाला तामस म्हटले आहे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण जी विकायला बसली आहे, तिला मागणारी समजणे हा नकळत झालेला अनादरच होता.

तर मग भाव करूच नये का? तसे नाही. मर्यादित निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्याला पाच रुपयेही मोठे असतात. विक्रेताही कधी अवाच्या सवा भाव सांगतो. भाव विचारणे, न परवडल्यास नम्रपणे पुढे जाणे, दहा जुड्या एकदम घेताना थोडे कमी मागणे, यात काहीच गैर नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारावा: समोरचा माणूस मला 'नाही' म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल, तर तो व्यवहार आहे. म्हणू शकत नसेल आणि तरीही आपण मागत असू, तर ते त्याच्या अडचणीचा फायदा घेणे आहे. आणि त्याने 'नाही' म्हटले, तर ते ऐकून घेण्याचीही आपली तयारी हवी. वरचे पैसे परत करणाऱ्या बाईंनी हेच शिकवले.

तिसऱ्या रविवारी ते सकाळीच गेले. मेथी किती दिवसांत तयार होते, पाऊस जास्त झाला तर काय होते, टेम्पोला किती पडतात, असे विचारत थोडा वेळ थांबले. २० रुपये दिले, जुडी घेतली. निघताना बाईंनी त्यांच्या पिशवीत चार हिरव्या मिरच्या टाकल्या. त्यांचा हात पाकिटाकडे गेला आणि तिथेच थांबला. "बरं, मावशी," एवढेच ते म्हणाले.

परवा भेटले, तेव्हा सांगत होते, "या वेळी काही टोचले नाही."

येत्या आठवड्यात आपणही बाजारात जाल. भाव विचारण्याआधी भाजी विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे एकदा पाहा. तो आज 'नाही' म्हणू शकतो का, एवढेच मनाला विचारा आणि मग बोला.