पंढरीला न जाता

अरणचे सावता माळी पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच त्यांच्या मळ्यात आला, अशी परंपरा आहे. ते काही देवाची वाट पाहत बसले नव्हते. मळ्यात राबत होते. मला त्या कथेतलं हे राबणं महत्त्वाचं वाटतं.

माझा मळा म्हणजे पंचगंगेचा घाट. मी कोल्हापुरात चित्रकला शिकवली आणि रविवारी या घाटावर लँडस्केप करत आलो. मुलं विचारायची, ‘सर, परत तोच घाट? एकदा काश्मीरला जावा की!’ काश्मीर सुंदर आहेच, पण तिथं सगळं आयतं. इथं दगड काळा, पाणी गढूळ, मध्येच म्हशी. सकाळच्या लांब सावल्यांत जमलं तर जमलं. ऊन डोक्यावर आलं की घाट सपाट होतो. जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही, हा आमच्यातल्या जुन्यांचा हट्ट. उजेड हवा तिथं कागद कोरा सोडायचा. म्हणजे चित्रातली सगळ्यात उजळ जागा आपण रंगवलेलीच नसते! गीतेतलं ‘मी कर्ता नाही’ हे मला पटलं ते या कोऱ्या कागदामुळे.

असंच एका जागी रमलेले आमच्याकडचे चित्रकार म्हणजे आबालाल रहिमान. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. मुंबईत सहज नाव काढलं असतं. पण ते कोल्हापुरातच, कोटितीर्थ तळ्याच्या काठी राहिले आणि तेच तळं, तोच परिसर रंगवत राहिले. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याची परंपरा, आणि समोर महादेवाच्या देवळाचं पाणी. त्यात त्यांना काही विसंगत वाटलं असेल, असं त्यांच्या चित्रांवरून तरी दिसत नाही. १९२२मध्ये महाराज गेल्यावर त्यांनी पुष्कळ चित्रं त्याच तळ्यात सोडली, असं सांगतात. खरं असेल तर त्या माणसाला चित्रापेक्षा पाहणं मोठं वाटत होतं. (आम्ही मात्र फ्रेमच्या काचेवरून भांडतो.)

घाटावर रंगवणाऱ्या आमच्या मंडळींचं मात्र एक मला पटत नाही. पंचगंगेत जलपर्णी माजते, काठाला प्लास्टिक साचतं, चित्रांत मात्र नदी निर्मळ. विजेचा खांब गाळला तर हरकत नाही, तो रचनेचा प्रश्न. पण जलपर्णी गाळणं म्हणजे मूर्तीवरची धूळ न पुसताच हार घालणं. आपल्या जागेवर जीव असेल तर तिची दशाही दिसायला हवी.

घाटावर बसणाऱ्या पोरांनो, नदी आहे तशी काढा. आणि त्याआधी टाउन हॉल संग्रहालयात जाऊन या. आबालालांची चित्रं तिथं आहेत.