आजचं मनन नक्की कोणासाठी?

आजचे वाचन: 2 शमुवेल 12:1-13 आणि स्तोत्र 51



लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की मी शास्त्रभाग वाचते आणि फोनवरच मनन लिहायला घेते. काल वाचता वाचताच पहिलं वाक्य सुचलं. खरं सांगू? ते वाक्य माझ्या दादासाठी होतं. पैशांवरून वाद झाला आणि पाच महिने आमचं बोलणं बंद होतं. नाथानाने सांगितलेली गोष्ट वाचली आणि वाटलं, हे त्याने वाचायलाच हवं!

गोष्ट आपल्याला माहीत आहे. एका गरिबाची एकच मेंढी. ती त्याच्याच ताटातलं खायची, त्याच्या कुशीत झोपायची. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने स्वतःच्या कळपाला हात न लावता गरिबाची मेंढी कापली. दावीद भडकला. त्याला मरणदंड हवा, एका मेंढीच्या चार भरून द्यायला हव्यात, असं तो म्हणाला. निर्गम 22:1 पाहा, एका मेंढराबद्दल चार हाच नियम तिथे आहे. म्हणजे दावीदाला शास्त्र पाठ होतं. त्याचा अर्थही त्याने बरोबर लावला. चुकलं एवढंच की तो निवाडा दुसऱ्या कोणाचा आहे असं तो समजला.

मीही लोकलमध्ये तेच करत होते.

मित्रांनो, रोज मनन लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना हा धोका जास्त आहे. आपण "आपण क्षमा केली पाहिजे" असं लिहितो. या "आपण"मध्ये लपायला खूप जागा असते. वाचणाऱ्याला वाटतं, किती छान लिहिलंय. आणि लिहिणाऱ्याला वाटतं, लिहिलं म्हणजे झालंच. याकोब 1:22-24 मधला माणूस आरशात तोंड बघतो आणि लगेच विसरतो. आपण तर आरशाचा फोटो काढून इतरांना पाठवतो!

मग जे अजून जगलो नाही त्यावर लिहायचंच नाही का? हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय. असा नियम केला तर कोणालाच लिहिता येणार नाही. स्तोत्र 51 ने मला वाट दाखवली. नाथान येऊन गेल्यानंतरचं हे स्तोत्र, असं त्याच्या मथळ्यातच आहे. ते मुख्य गवयाकडे दिलेलं आहे, म्हणजे सगळ्यांनी गावं म्हणून. दावीद पवित्र होऊन मग लिहायला बसला नाही. तुटलेल्या मनानेच त्याने देवाशी बोलणं केलं.

पण दोन गोष्टी बघा. तो "मी" आणि "माझा अपराध" असं बोलतो. आणि मथळा सोडला तर स्तोत्रात दुसऱ्या कोणाचंही नाव नाही. बथशेबावर ढकललेलं काही नाही. स्वतःचं पाप उघडं करणं ही कबुली, पण त्या निमित्ताने दुसऱ्याची लाज चव्हाट्यावर मांडणं ही कबुली नव्हे.

म्हणून काल ते पहिलं वाक्य पुसलं. त्या जागी लिहिलं, "प्रभू, पाच महिने मी फोन केला नाही, कारण मला बरोबर ठरायचं होतं." एवढं लिहिलं आणि पुढे सुचेचना. मत्तय 5:23-24 आठवलं. अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जायचं. माझं अर्पण म्हणजे हे मनन. ते तसंच ठेवलं आणि स्टेशनवर उतरून दादाला फोन लावला.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. तो थोडंच बोलला. पैशांचा प्रश्न तसाच आहे. पण रविवारी घरी ये म्हणाला. आणि हो, हे त्याला विचारूनच लिहितेय.

आज तुम्ही मनन लिहाल तेव्हा एकदा "आपण" खोडून "मी" लिहून बघा. वाक्य खरं वाटलं नाही, तर पेन खाली ठेवा. कदाचित आधी कुठेतरी जायचं असेल.

प्रार्थना: हे देवबापा, तुझं वचन दुसऱ्यावर रोखण्याआधी मला माझ्यासाठी ऐकू दे. माझं लिहिणं माझ्या जगण्याच्या पुढे पळू नये म्हणून मला आवर. येशूच्या नावात मागते, आमेन.