विकायला काढलेली गाडी

जुनी गाडी विकायची ठरली की ती एकदा गॅरेजात दाखवली जाते. मिस्त्री बोनेट उघडतो, सायलेन्सरपाशी वाकून धूर पाहतो, खड्ड्याखुड्ड्यांतून एक चक्कर मारून येतो आणि कामं सांगू लागतो. क्लच प्लेट संपत आली आहे, पुढचे बुश गेलेत, ब्रेक पॅड बदलायला हवेत, इंजिन थोडं ऑइल खातंय, मागच्या दाराला ओरखडे आहेत. यादी सांगून झाल्यावर तोच सल्ला देतो: विकायचीच आहे ना, मग आत हात लावू नका. डेंटिंग-पेंटिंग करा, रबिंग-पॉलिश मारा, सीटकव्हर बदला.

हिशेब म्हणून हा सल्ला बरोबर आहे. क्लच आणि सस्पेन्शनवर घातलेले पैसे विक्रीच्या किमतीत क्वचितच पूर्ण वसूल होतात. रंगावर घातलेले मात्र बऱ्याचदा होतात. म्हणजे गाडीला ज्या कामाची गरज आहे त्याला बाजारात मोल नाही, आणि ज्याला मोल आहे त्याची गाडीला फारशी गरज नाही. हे उलटं का व्हावं, याचं समाधानकारक उत्तर अर्थशास्त्राला मिळालं ते बऱ्याच उशिरा.

ते दिलं जॉर्ज अकरलॉफ यांनी, 1970 साली. जुन्या मोटारींच्या बाजारावरचा त्यांचा लेख आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. पुढे 2001 साली त्यांना मिळालेल्या नोबेलचा पाया तोच लेख ठरला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. विकणाऱ्याला गाडीची आतली खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीला सरसकट बेताचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत जिवापाड सांभाळलेली गाडी देणं मालकाला परवडत नाही, म्हणून तो ती बाजारात आणतच नाही. चांगल्या गाड्या अशा मागे राहिल्या की बाजारात उरलेल्यांची प्रत खालावते, घेणारा आणखी सावध होतो, किंमत आणखी उतरते. आपल्याकडे नीट निगा राखलेली गाडी भाच्याला, शेजाऱ्याला किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याला दिली जाते, एजंटाकडे सहसा जात नाही, त्याचं कारण हेच. हा लेख छापून येण्याआधी, 1967-68 मध्ये, अकरलॉफ दिल्लीला भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. लेखाच्या उत्तरार्धात ते मोटारी सोडून भारतातल्या सावकाराच्या व्याजाकडे वळतात, तिथेही माहितीची हीच विषमता दाखवतात. मला तो भाग लेखातला सर्वांत जिवंत वाटतो.

दुरुस्तीचं कोडं इथे सुटतं. नवीन क्लच प्लेट दिसत नाही. तिचं बिल दाखवता येतं, पण बिलावर विश्वास ठेवायचा तर आधी माणसावर ठेवावा लागतो. रंग तेवढा दिसतो. त्यातही जाणता ग्राहक ताज्या रंगाकडे संशयानंच पाहतो: अचानक एकाच दाराला नवा रंग कशासाठी? खाली पुट्टी भरली आहे का, हे कळावं म्हणून तो बोटानं टकटक करून पाहतो.

मग न दिसणारं सांगायचं की नाही? हा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. इसवी सनापूर्वी 44 साली रोमन विचारवंत सिसेरोनं आपल्या मुलासाठी कर्तव्यांवरचा ग्रंथ लिहिला. त्यात एक विकायला काढलेलं घर आहे: बाहेरून चांगलं, पण लाकूड किडलेलं, खोल्यांत सरपटणारे जीव, आणि हे ठाऊक फक्त मालकाला. त्यावर तत्त्वज्ञ बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, मालक खोटं बोलला नाही ना, मग झालं. पाहून घेणं हे घेणाऱ्याचं काम. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला मुद्दाम चुकीच्या वाटेनं जाऊ देण्यासारखंच हे आहे. सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूनं पडतो. कौटिल्याची नजर अधिक व्यवहारी आहे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात खरेदी फिरवण्याची मुदत दिली आहे: व्यापाऱ्याला एक दिवस, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. आजारी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्याला बारा पणांचा दंड. गुराख्याला मुदत जास्त का, ते कौटिल्य सांगत नाही, पण जनावराची खोड कळायला त्याला चार दिवस गोठ्यात पाहावं लागतं, एवढं तर उघड आहे.

आपल्या 1872 च्या करार कायद्यातलं सतरावं कलम मला या सगळ्यांत अधिक विचार करायला लावतं. नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे, असं ते म्हणतं आणि पुढे घोड्याची उदाहरणं देतं. घोड्यात दोष आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, लिलावात तो काही बोलत नाही: फसवणूक नाही. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे: आता नात्यामुळेच दोष सांगणं त्याच्यावर बंधनकारक ठरतं. आणि घेणारा जर म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा ठणठणीत आहे असं मी धरून चालेन’, तर त्यानंतरचं मौन हे बोलण्यासारखंच. जुनी गाडी घ्यायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस दारात उभा राहून हेच विचारतो: ‘काही काम नाही ना निघत?’ त्या प्रश्नानंतर पहिल्या उदाहरणाचा आडोसा आपल्याला उरत नाही.

तेव्हा सांगावं, हे माझ्यापुरतं पक्कं आहे. सांगितलं की बऱ्याच दुरुस्त्या आपण करण्याची गरजही राहत नाही. क्लच प्लेट संपत आली आहे हे सांगून तेवढे पैसे कमी घ्यावेत. घेणारा आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून, कदाचित स्वस्तात, ते काम करून घेईल. इंजिन ऑइल खातं तेही सांगावं. धूर दिसू नये म्हणून विक्रीच्या आदल्या दिवशी जाड ऑइल भरण्याची युक्ती गॅरेजात सर्वांना ठाऊक असते. ती दुरुस्ती नव्हेच. ते खोटं बोलणं आहे.

पण सिसेरोच्या घरात आणि करार कायद्याच्या घोड्यात माणसं दोनच आहेत, देणारा आणि घेणारा. गाडीच्या व्यवहारात तिसराही असतो. तो सिग्नलला रस्ता ओलांडत असतो, किंवा पुढे दुचाकीवर मुलाला शाळेत सोडायला निघालेला असतो. ब्रेक लागत नाहीत, टायर गुळगुळीत झालेत, स्टिअरिंगला प्ले आहे, हे मी घेणाऱ्याला सांगितलं, त्यानं मान डोलावली, किंमत उतरली, सौदा दोघांच्या संमतीनं झाला. पण त्या तिसऱ्याला कुणी काही सांगितलं नाही, आणि सवलतीतला एक रुपयाही त्याच्या हाती आला नाही. घेणारा महिना-दोन महिने ‘पगार झाला की करू’ म्हणत तीच गाडी चालवणार. गाडी एजंटाला दिली तर मी सांगितलेलं पुढच्या ग्राहकापर्यंत पोहोचेल याचीही खात्री नाही. म्हणून ब्रेक, टायर, स्टिअरिंग, बॉल जॉइंट ही कामं मी विक्रीआधीच करून टाकावीत, त्याचा पैसा परत येवो न येवो. गाडी भंगारात जाणार असेल तेवढाच अपवाद, आणि मग तिला रस्त्यावरून चालवत नेऊ नये.

  

सर्वोच्च न्यायालयाचा 2018 च्या फेब्रुवारीतला एक निकाल या तिसऱ्या माणसाशी जोडलेला आहे. एक मोटार एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली. अपघात झाला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालयानं सांगितलं, ज्याच्या नावावर नोंद आहे त्यानं. ज्याला इजा झाली त्यानं गाडी कुणी कुणाला विकली याची साखळी शोधत फिरावं, अशी अपेक्षा धरता येत नाही. माझी गाडी दुसऱ्याच्या हाती गेली म्हणून तिच्याशी माझा संबंध तिथेच तुटला, असं रस्त्यावरच्या माणसाला मी सांगू शकत नाही. ब्रेक पॅडचं बिल फाइलला लावावं, न केलेल्या कामांची यादी आपल्या अक्षरात लिहून गाडीसोबत द्यावी, फॉर्म 29 आणि 30 वर सह्या कराव्यात, आणि हस्तांतराची माहिती कायद्यानं दिलेल्या चौदा दिवसांत आरटीओला आपण स्वतः कळवावी. एजंट करेल म्हणून थांबू नये.