अनोळख्यास दिलेलें वचन

दानाची थोरवी गाण्यांत आपला समाज कधींच मागें राहिलेला नाहीं. वृत्रासुराच्या वधासाठीं स्वतःच्या अस्थि देणाऱ्या दधीचीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों. परंतु अशा कथांचा एक दुष्परिणामही होतो. दान म्हणजे प्राणांवर उदार होणें अशी आपली समजूत होऊन बसते. आणि तेवढें आपल्याच्यानें होणार नाहीं, म्हणून दधीचीला हात जोडून आपण मोकळे होतों. अस्थिमज्जेच्या दानापुढें ही सबब टिकत नाहीं. येथें हाडांतलें द्यावयाचें असतें खरें, पण देणारा पूर्ववत् निरोगी राहतो.

रक्ताचा कर्करोग, थॅलॅसीमिया यांसारख्या रोगांत कित्येकदां रोग्याच्या बिघडलेल्या मज्जेच्या जागीं दुसऱ्याच्या रक्तजनक पेशी घालाव्या लागतात. त्यासाठीं दोघांच्या पेशींवरील 'एच्. एल्. ए.' नांवाच्या खुणा जुळाव्या लागतात. या खुणा आईबापांकडून येत असल्यामुळें एखादें सख्खें भावंड पूर्णपणें जुळण्याचा संभव चारांत एक एवढाच असतो. अर्धवट जुळणाऱ्या आप्ताकडूनही आतां रोपण करतां येतें. तरी पुष्कळांना शेवटीं परक्याचेंच दार ठोठवावें लागतें.

परक्यासाठीं परका उभा राहतो, याचा दाखला या शास्त्राच्या बाल्यावस्थेंतच मिळाला. 1958 सालीं युगोस्लाव्हियांतील विन्चा येथील अणुभट्टींत अपघात झाला आणि किरणोत्सर्गाचा जबर मारा झालेल्या तरुण संशोधकांना पॅरिसला नेण्यांत आलें. त्यांना मज्जा देण्यास फ्रेंच नागरिक पुढें आले. पुढें 1974 मध्यें शर्ली नोलन या मातेनें आपल्या अँथनी या मुलासाठीं लंडन येथें दात्यांची नोंदवही सुरू करविली. त्या बालकास जुळणारा दाता मिळाला नाहीं. 1979 मध्यें तें वारलें. नोंदवही मात्र टिकली, आणि तिनें इतरांची मुलें वांचविलीं. आज जगांतील अशा नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून अधिक नांवें आहेत. चेन्नईची 2009 मध्यें स्थापन झालेली 'दात्री' ही संस्था आपल्या देशांत हेंच कार्य करते. परंतु भारतांतील नोंदी अजून कांहीं लाखांच्याच घरांत आहेत. खुणा बहुधा समान वंशपरंपरेच्या लोकांत जुळतात. म्हणून येथील रोग्याला, किंवा परदेशीं वसलेल्या आपल्या माणसाला, दाता मिळावयाचा तो बहुतकरून आपल्यांतूनच मिळावयाचा.

नांव नोंदविणें अगदीं सोपें आहे. गालाच्या आंतल्या बाजूस कापसाची काडी फिरवावयाची आणि संमतीच्या कागदावर सही करावयाची. पण याच सोपेपणांत खरा नैतिक प्रश्न दडलेला आहे. बोलावणें कदाचित् कधींच येणार नाहीं. कदाचित् दहा वर्षांनीं, सही केल्याचें विस्मरण झाल्यावर, येईल. त्या वेळीं 'नाहीं' म्हणण्याचा अधिकार दात्याला असतो काय?

नियमानें पाहिलें तर असतो, अगदीं शेवटच्या क्षणापर्यंत असतो. आणि तो असलाच पाहिजे, कारण दुसऱ्याच्या देहावर सक्ति करून काढलेलें दान हें दानच नव्हे. परंतु रोपणापूर्वीं रोग्याची स्वतःची मज्जा तीव्र औषधांनीं नष्ट करण्यांत येते. त्यानंतर दात्यानें माघार घेतली तर रोग्याच्या जिवावर बेततें. तेव्हां नियमानें मिळालेली मोकळीक निराळी आणि नीतीची मोकळीक निराळी. नांव लिहिलें जातें तेव्हां तो केवळ एक सद्भाव असतो. जुळणी झाल्याचें कळल्यावर दिलेला होकार हें वचन होतें. आणि रोग्याची चिकित्सा सुरू झाली कीं तें वचन पाळणें हें कर्तव्यच होतें. नकार द्यावयाचा तर तो आरंभींच द्यावा. त्यांत लाज नाहीं. आशा लावून मागाहून फिरणें हें मात्र मुळींच आशा न लावण्याहून वाईट.

आपल्याकडे ही माघार पुष्कळदां दात्याच्या मनांतून न येतां त्याच्या घरांतून येते. मुलगा तयार असतो. आई घाबरते, वडील 'आधीं नोकरी पाहा' म्हणतात, सासरची मंडळी सुनेच्या प्रकृतीची काळजी बोलून दाखवितात. ही भीति प्रेमापोटींच उपजलेली असल्यामुळें तिची थट्टा करूं नये. तिला खरी माहिती द्यावी. बहुतेक वेळां चारपांच दिवस टोंचून घेऊन नंतर दंडाच्या शिरेंतून कांहीं तास रक्त फिरवून त्यांतील पेशी वेगळ्या केल्या जातात. क्वचित् भूल देऊन कमरेच्या हाडांतून सुईनें मज्जा काढतात. पाठीच्या कण्याला कोणी हात लावीत नाहीं. अंग दुखतें, डोकें दुखतें, थोडे दिवस थकवा राहतो. हें लपवूं नये. दिलेली मज्जा कांहीं आठवड्यांत शरीर पुन्हां भरून काढतें. ही चर्चा सही करण्यापूर्वीं, जेवणाच्या पंगतीला, सर्वांसमक्ष झाली पाहिजे. बोलावणें आल्यावर ती सुरू झाली तर तिकडे एक रोगी वाट पाहत असतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायांत परतफेडीची अपेक्षा न धरतां, देश, काल व पात्र पाहून दिलेल्या दानास सात्त्विक म्हटलें आहे. आपल्या इतिहासांत या 'पात्र' शब्दाच्या आडून कितीकांना दार बंद झालें, हें सर्वांस ठाऊक आहे. मज्जेच्या दानांत मात्र पात्र कोण हें ठरविण्याचें काम आपल्याकडे नाहींच. घेणाऱ्याचें नांव, जात, स्वभाव, सांपत्तिक स्थिति यांपैकीं कांहींच दात्याला विचारतां येत नाहीं. पेशींवरच्या खुणा जुळल्या एवढीच त्याची पात्रता. इतकें निरपेक्ष दान करण्याची संधि गृहस्थाश्रमी माणसाला सहसा येत नाहीं.

म्हणून अठरा वर्षें पूर्ण झालेल्या प्रत्येक निरोगी तरुणानें व तरुणीनें आपलें नांव अवश्य नोंदवावें. पण तें सभेंतल्या उत्साहाच्या भरांत नव्हे. घरीं विचारून, स्वतःशीं ठरवून, वचन देण्याच्या गांभीर्यानें नोंदवावें. अशीं थोडीं नांवेंदेखील, डळमळीत मनानें लिहिलेल्या पुष्कळ नांवांहून, रोग्याच्या अधिक उपयोगीं पडतील.