तयारी नक्की कुणाची मोजायची?

एक विधान वाचा. ‘तंत्रज्ञानाच्या यंत्रणा साध्या माणसांसाठी बनवलेल्याच नसतात, असं कधी कधी वाटतं.’ किती पटतं? अजिबात नसेल तर १, पुरेपूर पटत असेल तर ५.

या आशयाचं विधान ‘टेक्नॉलॉजी रेडिनेस इंडेक्स’ या मोजपट्टीत आहे. मायामी विद्यापीठातल्या ए. परशुरामन यांनी ती २००० साली मांडली, तेव्हा तिच्यात ३६ विधानं होती. २०१५ साली चार्ल्स कोल्बी यांच्यासोबत त्यांनी ती १६ वर आणली. नवं तंत्रज्ञान स्वीकारायला माणूस किती तयार आहे, हे ती चार गोष्टींवरून ठरवते: आशावाद, नावीन्याची ओढ, अवघडलेपण आणि असुरक्षितता. पहिल्या दोन गोष्टींनी गुण वाढतात, शेवटच्या दोन गोष्टींनी घटतात.

म्हणजे वरच्या विधानाला तुम्ही ५ दिलेत, तर तुमची तयारी कमी भरते. मी इथेच अडखळतो. विधान यंत्रणेबद्दल आहे आणि ते खरंही असू शकतं. गुण मात्र माणसाचे कापले जातात.

मोजायला माझा विरोध नाही. मी सॉफ्टवेअर लिहितो. कोण कुठल्या स्क्रीनवरून मागे फिरलं, हे मोजल्याशिवाय आमचं पान हलत नाही. पण कमी गुण म्हणजे मागासलेपण असं एकदा वाचलं, की पुढचा उपाय ठरलेलाच असतो: प्रशिक्षण द्या, जनजागृती करा, लोकांची मानसिकता बदला.

रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन घ्या. वर्षानुवर्षं माती-सिमेंटमध्ये राबलेल्या बोटांवरच्या रेषा झिजतात, मग मशीनवर अंगठा लागत नाही. हेलपाटा आणि बुडालेली मजुरी रांगेतल्या बाईची असते, मशीन बनवणाऱ्याची नाही. ‘माझा यावर भरवसा नाही,’ असं ती म्हणाली, तर ती भीती की अनुभव? पट्टीवर दोन्हीचे गुण सारखेच.

आपण नवं अ‍ॅप बिनधास्त घेतो, त्यात धाडस किती असतं? पेमेंट अडकलं तर आपल्याकडे दुसरं कार्ड असतं. आपल्याला फसणं परवडतं.

अर्थात, संशय घेणारा नेहमीच बरोबर असतो असंही नाही. नवं उशिरा घेणाऱ्यांना ‘लॅगार्ड’ हे नाव रूढ करणारे एव्हरेट रॉजर्स आयोवातल्या शेतकऱ्याचे पुत्र. त्यांच्या वडिलांनी संकरित मक्याचं बियाणं वर्षानुवर्षं नाकारलं. १९३६च्या दुष्काळात त्यांचा मका वाळला आणि शेजाऱ्यांचा संकरित मका उभा राहिला. तरीही याच रॉजर्स यांनी पुढे आपल्या अभ्यासशाखेचे दोष मांडले: नवं ते चांगलंच हे गृहीत धरणं, आणि कुणी ते घेतलं नाही की व्यवस्थेऐवजी व्यक्तीला दोष देणं.

म्हणून माणसाच्या गुणांशेजारी यंत्रणेचेही गुण लिहावेत असं मला वाटतं. ती किती वेळा फसते? फसली तर दुसरी वाट आहे का? भुर्दंड कुणाला पडतो? हा रकाना कोरा असेल, तर पहिल्या आकड्यावरून कुणाला ‘तयार नाही’ म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.