दप्तरातील वंश आणि सत्य

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या दप्तरी यजमानांच्या वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या जतन झाल्या आहेत. परंतु सर्वांनाच आपला वंश असा उघड मांडता येत नाही; १९११ साली मुंबईत जन्मून हॉलिवूडची तारका झालेल्या मर्ल ओबेरॉनने आपले जन्मस्थान टास्मानिया सांगितले. आणि घरात जी तिची बहीण म्हणून वावरली, तीच तिची जन्मदात्री होती, हे मुंबईच्या जन्मदाखल्यावरून उघड झाले. वर्णभेदाच्या भयाने रचलेल्या या असत्याचा दोष केवळ तिच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. आपले गोत्र आपणास ठाऊक नाही, हे गुरू गौतमासमोर निःसंकोच सांगणारा छांदोग्योपनिषदातील सत्यकाम जाबाल स्वीकारला गेला, कारण त्यास गौतमासारखा श्रोता लाभला; सत्य बोलण्याचे धैर्य व्यक्तीचे असले, तरी ते ऐकून घेण्याचा धर्म समाजाचा आहे.